पवनचक्कीच्या पात्यांचे पुनर्चक्रण झाल्याचे प्रमाणपत्र आणि प्रत्यक्षात झालेली फसवणूक

आमच्या सहकारी गटाच्या मालकीची पवनचक्की आयुर्मान संपल्यामुळे उतरवायची ठरली, तेव्हा ज्या ठेकेदाराला ते काम दिले त्याने मनोऱ्याचे पोलाद आणि जनित्रातील तांबे विकून पैसे केले, पात्यांच्या पुनर्चक्रणाचे शुल्क आमच्याकडून आगाऊ घेतले आणि पाती मात्र कापून एका भाड्याच्या मोकळ्या जागेत टाकून दिली. वर पुनर्चक्रण पूर्ण झाल्याचे शिक्क्यासह प्रमाणपत्रही पाठवले. पुढील काही वर्षांत ज्यांच्या पवनचक्क्या उतरवायच्या आहेत, त्यांना हा प्रकार नेमका कसा घडतो हे कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पवनचक्की साधारण २० ते २५ वर्षे चालेल अशा हिशेबाने बांधलेली असते. तिच्या एकूण वजनापैकी ८५ ते ९० टक्के भागाचे, म्हणजे पोलाद, ओतीव लोखंड, तांबे आणि पायाच्या काँक्रीटचे पुनर्चक्रण आजही रुळलेल्या पद्धतींनी होते आणि त्यातल्या धातूला भंगाराच्या बाजारात लगेच गिऱ्हाईक मिळते. उरतात ती पाती. काचतंतू, त्यांना एकत्र धरून ठेवणारे इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझिन, मधल्या थरात बाल्सा लाकूड किंवा फोम, आणि वरून रंगाचा लेप अशी त्यांची घडण असते. हे रेझिन एकदा घट्ट झाले की तापवून पुन्हा वितळत नाही. भाजलेल्या मडक्याची जशी पुन्हा माती होत नाही, तसेच ते आहे. त्यामुळे पात्याला भंगार म्हणून किंमत नाही, उलट ते कापणे, वाहून नेणे आणि प्रक्रियेला देणे यासाठी पदरचे पैसे मोजावे लागतात. एकाच यंत्राच्या एका भागातून कमाई होते आणि दुसऱ्या भागावर खर्च होतो. कमाईचा भाग आधी हाती आला की खर्चाचा भाग टाकून पळ काढायचा, एवढाच या फसवणुकीचा गाभा आहे.

ठेकेदाराची बोली ऐकायला चोख होती. भंगाराच्या किमतीतून क्रेनचा आणि उतरवणीचा खर्च भागेल, तुम्ही फक्त पात्यांच्या प्रक्रियेचे शुल्क द्या, असे त्याने सांगितले. सोबत पूर्णपणे पुनर्चक्रण होणाऱ्या पात्यांची छायाचित्रे दाखवली. ती छायाचित्रे खोटी नव्हती, पण आमच्या पात्यांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. सीमेन्स गमेसा या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या पात्यांत असे वेगळे रेझिन वापरलेले असते, की सौम्य आम्लाच्या द्रावणात ते तंतूंपासून सुटे होते. जुन्या पवनचक्क्यांवरची पाती त्या रेझिनची नाहीत. नव्या तंत्रज्ञानाचे नाव घेऊन जुन्या मालाचे पैसे उकळणे हा या व्यवहारातला सर्वांत बेमालूम भाग आहे, कारण सांगितलेले प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे खरेच असते.

प्रमाणपत्र आल्यावर काही काळाने त्या मोकळ्या जागेच्या मालकाने आमच्याशी संपर्क साधला. ठेकेदाराने भाडे थकवले होते आणि पात्याच्या बुडाशी रंगवलेल्या अनुक्रमांकावरून शोध घेत तो आमच्यापर्यंत पोहोचला होता. आम्ही जागेवर गेलो तेव्हा तुकड्यांची कापलेली तोंडे उघडी होती, काचतंतूंचे झुपके बाहेर आले होते आणि मधले बाल्सा लाकूड पावसाने काळे पडून भुसभुशीत झाले होते. पाते मनोऱ्याकडच्या भागाला ज्या बोल्टांनी जोडतात, ते पोलादी बोल्ट बुडाचा भाग कापून काढून नेले होते. वीज पडल्यास ती जमिनीत उतरावी म्हणून पात्याच्या आतून टोकापर्यंत एक जाड वाहक तार असते. तीही प्रत्येक तुकड्यातून ओढून काढलेली होती. विकण्याजोगा धातू शेवटच्या तारेपर्यंत शोधून नेणाऱ्या माणसाने उरलेला सगळा काचतंतू मात्र तिथेच सोडला होता. कापताना उडालेली काचेची भुकटी मातीत मिसळलेली होती, आणि ती गोळा करण्याचा काही उपाय आम्हाला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

मग प्रमाणपत्र बारकाईने तपासले. त्यावरचे क्रमांक पात्यांचे नव्हतेच, ते मनोऱ्यावरच्या यंत्रपेटीच्या नामपट्टीवरून उतरवलेले होते. वजनाचा आकडा पूर्णांकात होता आणि सोबत वजनकाट्याची पावती नव्हती. ज्या कारखान्याचे नाव त्यावर होते, त्याने या ठेकेदाराकडून असा माल कधीच घेतला नसल्याचे लेखी कळवले.

असा प्रकार फार मोठ्या प्रमाणावरही घडू शकतो. अमेरिकेत टेक्सास राज्यातील स्वीटवॉटर इथे पुनर्चक्रणासाठी म्हणून आणलेली पाती तुकड्यांच्या ढिगांच्या रूपात वर्षानुवर्षे पडून राहिली आणि प्रकरण न्यायालयात गेले. वायोमिंगमधील कॅस्परच्या कचरा भरावभूमीत पाती उघडपणे पुरली गेली. ते पर्यावरणाच्या दृष्टीने समाधानकारक नसले तरी त्यात निदान लपवाछपवी नव्हती.

खरी प्रक्रिया करणारे लोक आहेत, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीत लेगरडोर्फच्या सिमेंट कारखान्यात पात्यांचा चुरा भट्टीत जातो, रेझिन इंधन म्हणून जळते आणि काचेतील सिलिका क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट करायच्या भाजलेल्या खड्यांमध्ये, मिसळून वाळूची जागा घेते. पण अशा भट्टीला ठरावीक आकाराचा चुराच लागतो, अख्खे तुकडे नव्हे. म्हणून चुरा कोण आणि कुठे करणार, हा प्रश्न ठेकेदाराला आधी विचारावा. आमच्या ठेकेदाराकडे चुरा करणारे यंत्रच नव्हते. प्रक्रियेचे शुल्क त्याच्या हाती न देता थेट कारखान्याला द्यावे, आणि पात्यांच्या अनुक्रमांकांसह कारखान्याची स्वतःची पोच येईपर्यंत मनोऱ्याचे पोलाद जागेवरून हलू देऊ नये. अनेक देशांच्या कायद्यांत कचरा दुसऱ्याच्या हवाली केल्याने मूळ मालकाची जबाबदारी आपोआप संपत नाही, त्यामुळे ते तुकडे उचलण्याचा खर्च आता आमच्याच गटावर आला आहे.

आम्ही तक्रार दाखल केली असून करार, पैसे दिल्याच्या पावत्या आणि छायाचित्रे तिच्यासोबत जोडली आहेत. त्या जागेत आमच्या नसलेल्या पात्यांचेही तुकडे होते आणि त्यांचे अनुक्रमांक आम्ही टिपून तक्रारीत दिले आहेत. ज्यांच्याकडे पुनर्चक्रणाचे असे प्रमाणपत्र असेल, त्यांनी त्यावरचे क्रमांक पात्यांच्या मूळ कागदपत्रांशी ताडून पाहावेत आणि ते जुळत नसतील तर कारखान्याकडे थेट लेखी विचारणा करावी.