पाल्मिए की आर्लेट? बटर फ्रीजमधून काढण्याआधी हे ठरवा

खारी आपल्याला नवी नाही. इराण्याकडच्या चहात बुडवलेली असो की बेकरीतून पाव किलो बांधून आणलेली, पापुद्रे कसे सुटायला हवेत हे मराठी जिभेला पक्कं ठाऊक आहे. फ्रेंच लोक त्याच जातीच्या पिठाला साखर लावतात आणि ती करपायच्या जेमतेम आधीपर्यंत भाजतात. त्यातले दोन प्रकार घरी करण्यासारखे आहेत. पाल्मिए म्हणजे दोन्ही बाजूंनी आत गुंडाळलेला, पानासारखा किंवा बदामासारखा आकार. 'लिटल हार्ट्स' बिस्किटं खाल्ली असतील तर तो तुमच्या ओळखीचाच आहे. आर्लेट म्हणजे दालचिनीची साखर भरलेली गुंडाळी कापून, तिची चकती पिठीसाखरेत जवळजवळ पापडाइतकी पातळ लाटून भाजलेलं पान.

पाल्मिए सोपं आणि आर्लेट अवघड, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. पीठ कुठून येणार आणि बाहेर हवा कशी आहे, या दोन गोष्टींवर उत्तर बदलतं.

आधी पिठाचं बघू. पफ पेस्ट्रीत मैद्याच्या पिठात बटरचा चौकोन गुंडाळतात आणि लाटून तीन घड्या घालतात. असं सहा वेळा केलं की बटरचे 729 थर होतात. बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी असतं. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि ती पापुद्रे उचलते. म्हणून तुपाने हे काम होत नाही, त्यात पाणीच नसतं. घरच्या लोण्यात उलट ताकाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ चिकट होतं. साधं पिवळं बटर चालतं, फक्त ते खारट असतं म्हणून पिठात वेगळं मीठ घालू नका. बिनमिठाचं मिळालं तर उत्तमच.

आता पाल्मिएत काय होतं पाहा. गुंडाळी कापून चकती आडवी ठेवली की थरांच्या कडा वर येतात आणि पापुद्रे बाजूला पसरत फुलतात. प्रत्येक थर उघडा दिसतो. बटर कुठे फुटून पिठात मुरलं असेल तर तिथे बिस्किटासारखा घट्ट ठिपका दिसतो, लपवता येत नाही. आर्लेटमध्ये मात्र चकती लाटून चपटीच करायची असते. फुगणं हा तिचा गुण नाहीच. तिचा कुरकुरीतपणा पातळपणातून आणि साखरेच्या काचेसारख्या थरातून येतो. त्यामुळे घड्या थोड्या वेड्यावाकड्या झाल्या तरी ती सांभाळून घेते.

म्हणून माझं मत असं: तयार पफ शीट आणणार असाल तर पाल्मिए करा, पीठ पहिल्यांदाच घरी करणार असाल तर आर्लेट.

तयार शीट घेताना पाकिटामागचे घटक वाचा. बऱ्याच शीटमध्ये बटर नसून मार्गारीन किंवा वनस्पती तूप असतं. कारखान्याला ते सोयीचं, कारण ते बटरपेक्षा जास्त तापमानाला वितळतं. पण तेवढ्याचसाठी ते तोंडातही नीट विरघळत नाही, टाळूला मेणासारखं चिकटतं. मसाला कितीही चांगला असला तरी ती चव झाकली जात नाही. बटरची शीट मिळाली तर तासाभरात पाल्मिए तयार होतात, त्यातला निम्मा वेळ गुंडाळी फ्रीजमध्ये असते.

घरच्या पिठासाठी सोपी वाट घ्या. 250 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम गार बटरचे सुपारीएवढे तुकडे आणि 120 मिलीच्या आसपास बर्फाचं पाणी. तुकडे न मोडता पीठ जेमतेम गोळा करायचं, लाटायचं, तीन घड्या घालायच्या आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचं. असं चार वेळा. घड्या घालताना बटर गार पण लवचिक हवं. ते 32-35 अंशांना वितळतं आणि मे महिन्यात पुण्यातलं माझं स्वयंपाकघर नेमकं तेवढंच तापलेलं असतं. एकदा दुपारी दोनला लाटायला घेतलं आणि तिसऱ्या घडीला बटर लाटण्यालाच लागून आलं. सगळं पीठ फुकट गेलं. तेव्हापासून मी पहाटे लाटते, ओट्यावर आधी दहा मिनिटं बर्फाचं ताट ठेवून.

मसाल्याबाबत आर्लेट सरस आहे. 100 ग्रॅम साखरेला एक चहाचा चमचा दालचिनी आणि चिमूटभर मीठ एवढं पुरतं. बाजारातली जाड, तिखट साल ही बहुतेक वेळा कॅशिया असते. पातळ, चुरगळणारी खरी दालचिनी मिळाली तर फरक लगेच कळतो. ती कोकणातही पिकते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं 'कोकण तेज' हे वाण त्यातलंच. आर्लेटमध्ये मसाला गुंडाळीच्या आत राहतो, म्हणून वेलची-जायफळही घालता येतं. पाल्मिएत साखर बाहेरून ट्रेला टेकते आणि तिथे वेलचीचा वास उडून जातो. पाल्मिएला दालचिनीच बरी. लवंग दोन्हीकडे नको, भाजल्यावर कडवट लागते. आपली साखर जाड दाण्याची असते, पाल्मिएसाठी ती मिक्सरमध्ये एकदाच फिरवून रवाळ करा.

भाजणं हा खरा कसोटीचा भाग. साखर 186 अंशांच्या आसपास वितळते, म्हणून ओव्हन 200 अंशांवर हवा. 170 वर ठेवलात तर बटर गळून जातं आणि साखर पांढरीच राहते. पाल्मिएची चकती सेंटिमीटरभर जाड कापा, बारा मिनिटांनी उलटा, मग आणखी पाच-सात मिनिटं. आर्लेट दोन बटर पेपरांच्या मध्ये ठेवून वरून दुसरा ट्रे दाबायचा. आठ-दहा मिनिटांत होते, पण त्यातली शेवटची दोन मिनिटं ओव्हनसमोरून हलायचं नाही. आधी कडेला बारीक बुडबुडे येतात, मग ते थांबतात आणि रंग मधासारखा होतो. त्याच क्षणी बाहेर. आणखी अर्ध्या मिनिटात ती कडू होते. छोट्या ओटीजीत खालची कॉइल ट्रेच्या फार जवळ असते, तिथे पाल्मिएच्या बाबतीत चूक पचते, आर्लेटच्या बाबतीत नाही.

बाहेर काढलेली आर्लेट मऊ असते, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं की फसली. जाळीवर दोन मिनिटं थांबा. उचलून बोटाने टिचकी मारली की टणक आवाज येतो आणि उजेडात धरली तर दालचिनीच्या रेषा गोल गोल दिसतात. हे सुख पाल्मिएत नाही.

तरीही जून ते सप्टेंबर मी आर्लेट करत नाही. जळलेली साखर हवेतलं पाणी ओढून घेते, आणि मुंबईत किंवा कोकणात पातळ पान तासाभरात चिकट होतं. जाड पाल्मिए घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस टिकतात, नरम पडलेच तर 160 अंशांवर चार मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतात. पावसाळ्यात पाहुणे येणार असतील तर पाल्मिएच.

दोन्हींच्या गुंडाळ्या कच्च्याच प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून महिनाभर फ्रीझरमध्ये राहतात. पाल्मिएची गुंडाळी पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवली की सुरी चालते. आर्लेटची आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवावी लागते, नाहीतर चकती लाटताना कडेने तडकते.