मेटल डिटेक्टर: सोनं शोधायचं तर ‘ज्वेलरी’ मोडला हात लावू नका

हेडफोनची पिन जिथं घालतात ती जागा ढिली झाली, म्हणून लिहायला बसलोय. या मशीनला आवाज कमी करायचं बटणच नाही. हेडफोन चालेना की शिवारभर बीप-बीप, आणि पलीकडच्या वावरातून माणसं बांधावर हजर. “गुप्तधनाचं मशीन आणलंय म्हणं?” आमच्या सेलूकडं असली गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. सर्व्हिस सेंटरनं “फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही” म्हणून हात वर केले, वर जाण्या-येण्याचं कुरियर माझ्याच माथी. शेवटी बसस्टँडजवळच्या मोबाइलवाल्यानं सोल्डर मारून दिलं, तेही शंभर रुपयांत. बनवणाऱ्यानं दहा-वीस रुपये जास्त घालून आवाजाचं बटण दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

असो. सेटिंगचं बोलू. ज्वेलरी मोड लावला की हे मशीन लोखंडाबरोबर पातळ पन्नीही गाळतं, म्हणजे त्यांच्यावर वाजतच नाही. धातू सापडला की स्क्रीनवर त्याचा आकडा येतो, आणि बारीक सोनं नेमकं पन्नीच्याच आकड्यावर बोलतं. चांदीची जोडवी वरच्या आकड्यावर ठणठणीत वाजतात, त्यांचा प्रश्नच नाही. पण कानातलं फूल, गोळ्यांचा पत्ता आणि फवारणीच्या बाटलीच्या तोंडाचं सील हे तिन्ही स्क्रीनवर जवळपास सारखेच दिसतात. म्हणून फक्त लोखंड बंद, बाकी सगळं उघडं. कापसाच्या वावरात मग सीलंच सीलं निघतात, कंबरडं मोडतं. पण दुसरा रस्ता नाही. निघण्याआधी घरातली एखादी अंगठी जमिनीवर ठेवून आकडा बघून घ्या, पुस्तिकेतल्या तक्त्यावर जाऊ नका.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक खुणेवर वाजणार ते, फुल्ल ठेवायचा मोह आवरा. आपली काळी माती बसाल्टची, तिच्यात लोहखनिज भरपूर. कॉइल (दांड्याच्या खालची तबकडी) वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स केल्याशिवाय, म्हणजे मातीकडं दुर्लक्ष करायला शिकवल्याशिवाय, मशीन ढेकळागणिक ओरडतं. जुन्या चुलीच्या भाजलेल्या मातीवर तर विचारूच नका. त्यात मोटार चालू असली की वायरींचा त्रास वेगळा. थ्री-फेज गेल्यावर शोधा, मशीन एकदम शहाणं होतं. महावितरणचे आभार मानायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

उन्हाळ्यात विचारलं असतं तर मी दोनच स्टार दिले असते. सोबतची मोठी कॉइल पऱ्हाट्यांत फिरत नाही आणि बारीक दागिना तिला दिसत नाही. छोटी कॉइल वेगळी घ्यावी लागली (पैसे वेगळे, अर्थातच), तेव्हा मत बदललं. शेजारच्या काकूंची पोत वेचणीत तुटली होती. काळे मणी काचेचे, ते वाजणार नाहीत. बारीक साखळीही जवळपास मुकीच, कारण मशीनला ती सलग दिसत नाही, एकेक कडी सुटी दिसते. वाजल्या त्या वाट्या. एक सरीतच होती. दुसरी भेगेत घसरलेली, ढेकळाला चिकटलेली, आतली लाख अर्धी सांडलेली. काकूंनी ती पदरानं पुसली आणि आधी चेपली आहे का ते बघितलं.

नवीन घेणाऱ्यांनी किलोहर्ट्झ, म्हणजे मशीन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतं ते, बघून घ्या. माझं सातच्या आसपासचं आहे, नाण्यांना बरं. बारीक सोन्यासाठी पंधरा-वीस किंवा त्याच्या वरचं असावं. आणि किल्ल्यावर, जुन्या टेकाडावर हे घेऊन फिरू नका. १८७८ च्या कायद्यानं जमिनीत दडवलेलं दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. संरक्षित स्मारकांत खोदायचं तर नावच काढू नका.

तीन स्टार. हल्ली मशीन उसनं मागायला येणारे वाढलेत. माझी ना नाही, फक्त नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या ज्याच्या त्यानं आणायच्या.