झेडपीची शाळा की इंग्रजी मीडियम? दोन्हीकडे पोरं घातलेल्या बापाचं म्हणणं

पाडवा जवळ आला की झेडपीचे गुरुजी पट वाढवायला घरोघर फिरतात. इंग्रजी मीडियमची पिवळी गाडी तर रोज फाट्यावर हॉर्न मारतेच. मग पारावर कुणीतरी विचारतंच, "तुमची थोरली तिकडनं का काढली?" ती पहिली संपेपर्यंत तिकडं होती, दुसरीपासून झेडपीत आहे. धाकटा पहिल्यापासून झेडपीतच.

फी, गाडी, बूट यांचा हिशेब तुम्ही केलेलाच असणार. माझा निर्णय त्यावर झाला नाही. (बरं, थोडाफार झाला.)

इंग्रजी शाळेत वर्गागणिक बाई, एक रजेवर गेली तर दुसरी हजर. गॅदरिंग तर झकासच. आमच्या झेडपीचा पट साठच्या आत, म्हणून 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे चार वर्गांना दोन शिक्षक. एकीकडे बेरजा घालून द्यायच्या आणि दुसरीकडे वाचन घ्यायचं. त्यातले एक निवडणुकीच्या कामाला गेले, की उरलेल्याची तारांबळ. हे मला आजही खटकतं.

तरी माझं मन फिरलं ते एका लाल फुलीनं. पहिलीच्या चाचणीत प्रश्न होता, 'हू कुक्स फूड ॲट होम?' आमच्या घरी स्वयंपाक माझी आई करते. पोरीला ग्रँडमदरचं स्पेलिंग येईना, तिनं इंग्रजी अक्षरांत 'आजी' लिहिलं. फुली! मला वाटलं, स्पेलिंगमुळं असेल. विचारायला गेलो तर बाई म्हणाल्या, "वहीत 'मदर' लिहून दिलंय ना." त्या रात्री तिला धडा वाचायला बसवलं आणि मध्येच पान उलटलं. ती मागच्याच पानावरचं घडाघडा म्हणत राहिली.

तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावं, साधी आकडेमोड यावी, हे केंद्र सरकारच्या 2021 पासूनच्या 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट झेडपीच्या भिंतीवर रंगवलंय. भिंतीवर काय, काहीही रंगवता येतं. पण एकदा गुरुजींनी धाकट्याला विचारलं, येताना काय बघितलंस? तो म्हणाला, उसाची ट्रॉली कलंडली, मोळ्या पडल्या. गुरुजींनी तेच फळ्यावर लिहून वर्गाकडून वाचून घेतलं. संध्याकाळी हा पेपर पसरून 'ळ' शोधत बसला होता.

इंग्रजी झेडपीतही पहिलीपासून आहे. तरी थोरलीचं बोलणं मागं पडलं, कबूल. घरात इंग्रजी बोलणारं कुणी असेल किंवा बदलीची नोकरी असेल, तर तुमचं गणित वेगळं निघेल कदाचित. ठरवण्याआधी दोन्ही शाळांत जा आणि एकाच वर्गातल्या पाच पोरांच्या वह्या मागून बघा. मी बघितल्या होत्या. पाचही वह्यांत 'मदर' होतं, आणि त्यातल्या एकाचे वडील आचारी आहेत.