भंगारात निघालेला कटर: दुरुस्तीनंतरचे आठ महिने

आमच्या अमळनेरच्या वर्कशॉपमधला टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्यानं लाकूड चिरायचं मशीन, वडिलांनी घेतलेला. आम्ही त्याला नुसतं 'कटर' म्हणतो. बिडाचं टेबल, १२ इंची पातं, दोन एचपीची सिंगल फेज मोटर. तिफणी, वखर, चौकटी, पलंग, सगळं त्याच्यावरून निघालं. यंदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर, चौकटींची ऑर्डर डोक्यावर असताना, त्यानं मान टाकली. बटण दाबलं की नुसतं 'घूंऽऽ', पातं जागचं हलेना. शेजारच्या आप्पांनी दारातूनच निकाल दिला, "मोटर जयी गयी, भाऊ." वाइंडिंगवाल्यानंही (मोटरमधलं तारेचं वेटोळं नव्यानं भरणारा) न उघडताच साडेतीन हजार सांगितले.

मला पटेना. जळलेल्या वाइंडिंगचा वास लपत नाही, आणि इथे वास नव्हता. पट्टा काढला, पुलीला हातानं गती दिली, हात बाजूला घेऊन बटण दाबलं, तर मोटर झक्कास पळाली. म्हणजे पळायची ताकद होती, पहिला धक्का मिळत नव्हता. तो देतो स्टार्टिंग कपॅसिटर. प्लग काढला, कपॅसिटर बल्ब लावून डिस्चार्ज केला (हे विसरणाऱ्याला तो स्वतःच आठवण करून देतो) आणि मल्टिमीटर लावला. अंगावर १०० मायक्रोफॅरड छापलेलं, आत ३१ उरलेले. दोनशे रुपयांच्या आत काम झालं.

आणि पंधरा दिवसांनी पुन्हा 'घूंऽऽ'. या वेळी कपॅसिटर धड होता. मागचं झाकण उघडलं तर सेंट्रिफ्युगल स्विचवर सागाचा भुसा पिठासारखा बसलेला, पॉइंट काळे पडलेले. मोटर पाऊण वेगाला पोचली की हा स्विच स्टार्टिंग वाइंडिंगचा पुरवठा तोडतो. पॉइंट जुळले नाहीत तर मोटर उठत नाही, चिकटून राहिले तर मग खरंच जळते. झिरो नंबर पॉलिश पेपरनं घासले, भुसा हवेनं उडवला. तेव्हापासून दर महिन्याला झाकण उघडतो. आठ महिन्यांत एकदाही अडला नाही.

उघडलंच आहे म्हणून ६२०४ नंबरचे दोन्ही बेअरिंगही बदलले. इथे चूक केली: दुकानात होते ते पत्र्याच्या झाकणाचे घेतले. ऑगस्टपर्यंत पुन्हा खरखर. आता रबर सीलचे आहेत, भुशाच्या कामाला तेच घ्या.

कडा जळण्याचं दुखणं जुनंच होतं, आम्ही पात्याला दोष द्यायचो. पात्याच्या एकाच दातावर खूण केली, तो पुढे आणि मग मागे फिरवून फेन्सपासून (लाकूड जिला टेकवून पुढे सरकवतो ती सरळ कड) अंतर मोजलं. मागे दीड मिलिमीटर कमी! लाकूड मागे आवळलं जात होतं. फेन्सचे बोल्ट ढिले करून सरळ केल्यावर सागाची कड रंधा मारल्यासारखी निघते. बाभूळ मात्र चिरताना स्वतःच मिटते, म्हणून पात्यामागे अडीच मिलिमीटरची पट्टी फॅब्रिकेटरकडून बसवून घेतली. पात्याचा पत्रा २.२, दातांची चीर ३.२, त्यामुळे पट्टी दोन्हींच्या मधली हवी. वडिलांच्या काळी ती नव्हती, आणि त्यांच्या डाव्या अंगठ्याचं पेर का नाही ते घरात कुणी विचारत नाही.

एक दुखणं मशीनच्या बाहेरचं निघालं. हरभऱ्याला पाणी सुरू झालं, शेतातले पंप लागले की संध्याकाळी मल्टिमीटरवर १८० व्होल्ट दिसतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे २३० च्या मानानं साठ टक्केच उरतो. त्यात आमची एक्स्टेन्शनची वायर दीड स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर), म्हणजे बारीक. लाइटच्या मीटरपासून थेट चार स्क्वेअरची ओढल्यावर आठ-दहा व्होल्ट परत मिळाले. तरी जाड फळी मी सकाळीच चिरतो.

सगळा खर्च अडीच हजारांच्या आसपास, त्यात वायरच निम्मी. पातं वरखाली करायचा स्क्रू अजून जड फिरतो. ऑइल घातलं की भुसा चिकटून लापशी होते, म्हणून मेण चोळून पाहतोय. आप्पा परवा वखराचं लाकूड घेऊन आले होते. मशीन चालू झाल्यावर काही बोलले नाहीत, फक्त मजुरी कमी करायला सांगितली.