कास्टचे पैसे घेतले आणि कॅलेंडर्ड चिकटवलं

हे लिहायला मला 5 महिने लागले. राग होताच, पण लाज त्याहून जास्त होती. आता राग वर आलाय, म्हणून लिहून टाकते.

माझ्या 7 डिलिव्हरी व्हॅन आहेत. दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारावर व्यवसायाचं नाव, खाली फोन नंबर. आधीचं रंगवलेलं काम उडालं होतं, म्हणून या वेळी व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकच्या चिकट फिल्ममधून कापलेली अक्षरं, करायचं ठरवलं. मी डोळे मिटून गेले नव्हते, हे आधीच सांगते. 4 जणांकडे चौकशी केली होती आणि त्याआधी वाचूनही गेले होते. कॅलेंडर्ड फिल्म म्हणजे तापवलेलं पीव्हीसी रुळांमधून दाबून, ताणून काढलेलं. तो ताण फिल्मच्या अंगात राहतो आणि ऊन लागलं की ती आखडते. कास्ट फिल्म द्रवरूपात ओतून भट्टीत वाळवतात, तिला कुणी ताणलेलंच नसतं, म्हणून ती जागची हलत नाही. माझ्या व्हॅनच्या पत्र्याला खोल पट्टे आहेत, रिव्हेट आहेत. तिथे कास्टशिवाय पर्याय नाही हे मला पाठ होतं.

चौघांपैकी तिघांनी 'कास्ट' हा शब्दसुद्धा उच्चारला नाही. त्यांच्या लेखी सगळंच रेडियम! चौथ्यानं, ज्याला मी काम दिलं, त्यानं मात्र तो स्वतःहून काढला. पत्रा बघितला, रिव्हेटवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, इथे कॅलेंडर्ड लावणारा तुम्हाला फसवतोय." आता सांगा, अशा माणसावर विश्वास ठेवला यात माझं काय चुकलं?

दर साध्या कामाच्या सव्वादोन पट. बोली 7 वर्षांची. रकमेतले 70 टक्के आगाऊ, उरलेले 30 टक्के काम संपेल त्याच संध्याकाळी. मी दिले, एक पैसा न कापता.

त्यानं नमुन्याचा तुकडा दिला होता, तो अजून माझ्याकडे आहे. मऊ, पातळ, पेनाभोवती गुंडाळला तर सुरकुती न पडता बसतो. मागच्या कागदावर कंपनीचं नाव आणि मालिकेचा क्रमांक तिरका छापलेला. तो तुकडा खरा कास्टच होता, म्हणजे खरा माल कसा असतो ते त्याला पक्कं माहीत होतं.

काम करायला माणसं आली तेव्हा अक्षरं आधीच कापून, वर ट्रान्सफर टेप (अक्षरं जशीच्या तशी उचलून पत्र्यावर बसवायची चिकट पट्टी) लावून आणली होती. एकजण अक्षरं बसवत होता, दुसरा मागचा कागद सोलून लगेच चुरगाळून पोत्यात टाकत होता. मी एक कागद उचलला. कोरा. पांढरा, दोन्ही बाजूंनी कोरा. नमुना त्या वेळी माझ्या पर्समध्ये होता! चार पावलांवर पर्स, आणि मी तो काढून शेजारी धरला नाही. फिल्मच्या कडेला बोट लावलं तर ती ताठ आणि जाड लागली. मी म्हटलंसुद्धा, "हे जरा जाड वाटतंय." तो म्हणाला, "ताई, तुमच्या गाड्या दिवसभर उन्हात. मुद्दाम जाड दिलंय, त्याच दरात." आणि मी त्याला थँक्यू म्हणाले.

हे वाक्य लिहिताना अजूनही घशात काहीतरी अडकतं. कास्ट फिल्म साधारण 50 मायक्रॉनची असते. स्वस्तातली कॅलेंडर्ड 70 ते 100 मायक्रॉनची. मला हे माहीत होतं, वाचलेलं होतं. पण कपडा असो की पत्रा, जाड म्हणजे टिकाऊ हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं असतं, आणि त्यानं नेमका तिथेच हात घातला. रिव्हेटभोवती फिल्म तंबूसारखी उभी राहिली होती. हीट गन मारून त्यानं ती दाबली, दुसऱ्या दिवशी पुन्हा उठली. म्हणाला, सेट होतंय.

चौथ्या महिन्यात प्रत्येक अक्षराभोवती काळी किनार दिसायला लागली. आधी वाटलं धूळ आहे, धुतली की जाईल. ती धूळ नव्हती. अक्षर आत आखडलं होतं आणि बाहेर उघडा पडलेला गोंद मळ धरत होता. बारीक किडे चिकटून मेलेले होते त्यात. सहाव्या महिन्यात नावातला अनुस्वार गळून पडला, आधी 2 गाड्यांवर, मग पाचव्या गाडीवर. अकराव्या महिन्यात लाल अक्षरांना तडे गेले. नखानं कड उचलली तर अंड्याच्या कवचासारखे तुकडे हातात आले. कुठे 7 वर्षं आणि कुठे 11 महिने!

त्याच्याकडे गेले तेव्हा पहिलं वाक्य, "तुम्ही प्रेशरनं गाड्या धुतल्या असतील." मग, "पॉलिश मारलं असेल." मग बिल काढायला लावलं. बिलावर लिहिलेलं, 'बाहेरील वापरासाठी उत्तम प्रतीचे व्हिनाइल'. कास्ट हा शब्द नाही. मालिका नाही, मुदत नाही. शेवटी पुढच्या कामात 8 टक्के सूट देतो म्हणाला. पुढच्या कामात!

बिलावर 'कास्ट' हा शब्द, कंपनी आणि मालिकेचा क्रमांक, तिन्ही लिहून घ्या. नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका, एकच कंपनी दोन्ही माल बनवते. ओराकल या ब्रँडचं 651 कॅलेंडर्ड आहे आणि 951 कास्ट. नाव एकच, माल वेगळा.

पोलिसांकडे गेले. दीड तास बसवून सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, माल मिळालाय ना? म्हटलं, जो ठरला तो नाही मिळाला. "पण स्टिकर लावलेत ना?" ग्राहक तक्रार कक्षात अर्ज दिला, तर माल वेगळा आहे याचा तज्ज्ञाचा दाखला आणा. तज्ज्ञ कोण? म्हणे, या क्षेत्रातला कोणीही. त्या क्षेत्रातल्या दोघांना विचारलं. दोघांनीही तोंडी मान्य केलं की हे साधं कॅलेंडर्ड आहे, लिहून द्यायची वेळ आली तर दोघंही मागे सरले. नमुन्यावरच्या कंपनीला कळवलं. उत्तर आलं, रोलचा बॅच नंबर द्या. रोल त्याच्या दुकानात, खोका त्यानं कधीच फेकलेला, मी नंबर कुठून आणू? शिवाय हमी काम करणाऱ्याला असते, गाडीवाल्याला नाही, हेही त्यांनी कळवलं. पुन्हा तक्रार कक्ष. पहिला माणूस बदलून गेलेला, नवीन बाई म्हणाल्या फाइल सापडत नाही, परत द्या. 3 वेळा त्याच झेरॉक्स दिल्या मी. प्रत्येक खिडकीवर हाच सूर की चूक माझी, मी नीट बघून घ्यायला हवं होतं. मान्य. पण मग या खिडक्या कशासाठी आहेत?

काढण्याचा खर्च तर कुणी धरतच नाही. आखडलेलं कॅलेंडर्ड पट्टीनं सोलून निघत नाही. हीट गन, प्लास्टिकची खरवडणी, नखाएवढे तुकडे, मग गोंद काढायचं द्रावण. पहिल्या गाडीला 2 माणसांना 3 दिवस लागले. 5 गाड्यांचं मिळून मूळ बिलाच्या 60 टक्के गेले. वर अक्षरांखालचा रंग ताजा आणि भोवतालचा फिका, त्यामुळे जुनं नाव भुतासारखं अजून दिसतंच.

आता त्या 5 गाड्यांवर खरं कास्ट आहे. या वेळी माझ्यासमोर रोल उघडायला लावला, लेबलचा फोटो काढला, मागचे कागद मी स्वतः गोळा केले. लावण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला की नाही हेही उभं राहून बघितलं. बॉनेटवर लिहिणार असाल तर वर्षांचा आकडा उभ्या बाजूंचा आहे का ते विचारा. आडव्या भागावर तोच माल बराच लवकर जातो, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही.

उरलेल्या 2 गाड्यांवरची अक्षरं मी काढू दिलेली नाहीत. तक्रार कक्षाचा माणूस पाहणीला येणार आहे म्हणे. 5 महिने झाले. तोवर त्या तशाच फिरताहेत, माझं नाव घेऊन, अनुस्वार नसलेलं.