जिनिंगच्या जनरेटरचं टाटा ६९७ इंजिन ट्रकात बसवलं, आठ महिने झाले: इंजिन चांगलं, पट्टीनं छळलं

आधी निकाल सांगतो, मग रडगाणं. इंजिन चांगलं आहे, घेतल्याचा पस्तावा नाही. पण या आठ महिन्यांत माझे २३ हजार रुपये पाण्यात गेले, आणि ते सगळे एका हातभर लोखंडी पट्टीपायी. डिपस्टिक हो, इंजिनातलं ऑइल किती आहे ते बघायची पट्टी. म्हणून खाली अर्ध्याहून जास्त पट्टीचंच पुराण आहे. ज्यांना बाकीचं हवंय त्यांच्यासाठी: लोडवर लिटरला साडेचार किलोमीटरचं ॲव्हरेज, थंडीत अर्ध्या सेल्फला चालू, आवाज गोल. झालं.

गाडी टाटाची सोळा-बारा (१६१२), एमएच २१. जालन्याहून सळई घेऊन सोलापूर, येताना भंगार. दिवाळीआधी गेवराईच्या अलीकडे चालत्या गाडीत पिस्टनचं कनेक्टिंग (रॉड) तुटलं आणि ब्लॉक फोडून बाहेर आलं. मूठ जाईल एवढं भोक. ब्लॉकच गेल्यावर बोअर-क्रँकच्या दुरुस्तीचा हिशेब कोण करत बसणार? परतूरकडं एक जिनिंग बंद पडली होती, तिच्या जनरेटरवर ६९७ उभं असल्याचं कळलं. मीटरवर २,९०० तास. जिनिंग चालते कापसाच्या हंगामात, तेव्हाही लाइट गेली तरच जनरेटर. म्हणजे इंजिन तसं कोवळंच. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. ५,६७५ सीसी, माझ्या फुटलेल्या इंजिनाचा सख्खा भाऊ. ब्लॉक तोच म्हटल्यावर मी डोळे झाकून व्यवहार केला.

जनरेटरचं इंजिन ट्रकात घालताना काय काय बदलावं लागतं ते बहुतेकांना ठाऊक आहे. डिझेल पंपाचा गव्हर्नर १,५०० फेऱ्यांवर बांधलेला असतो, म्हणून पंप आपल्या जुन्या इंजिनाचा चढवला. मागचं, गिअरबॉक्स जोडायचं हाउसिंगही आपलंच. इंजिन नंबर आरसीवर चढवून घेतला. आणि चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं.

चेंबर बदलावंच लागतं. जनरेटरच्या इंजिनाखाली एक्सल नसतो, त्यामुळं मी आणलेल्या इंजिनाचं चेंबर चांगलं ऐसपैस होतं, खड्डा पुढून सुरू. ट्रकात तिथं पुढचा एक्सल येतो. एक पाटा जरी बसला तरी चेंबर एक्सलवर आपटणार. म्हणून ट्रकचं चेंबर लावलं, पुढून उथळ आणि मागं खड्डा. चाचांनी, म्हणजे आमच्या मिस्त्रींनी, ऑइल पंपाची नळी आणि तिच्या टोकाची, चेंबरच्या तळातून ऑइल ओढायची जाळीही ट्रकचीच घेतली. इथं त्यांची तारीफ करतो. जाळीवर कणकेचा गोळा चिकटवला, चेंबर पॅकिंगसकट आवळलं, परत खोललं आणि दबलेली कणीक मोजली. पाव इंचाच्या वर थोडी. जाळी टेकली तर ऑइल ओढत नाही, फार वर राहिली तर हवा ओढते. चाळीस वर्षांचा हात आहे, उगाच नाही.

पण पट्टी जनरेटरचीच राहिली. ब्लॉकमध्ये होतीच, ती घालायच्या नळीसकट. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पहिले दोन महिने मजेत गेले. मग पुतण्या, जो गाडी चालवतो, एके दिवशी म्हणाला, "काका, मांजरसुंब्याच्या उतारानं काटा पडतोय."

"टेंपरेचरचा?"

"नाही, ऑइल प्रेशरचा."

मी म्हटलं चढताना बघ. चढताना काटा सरळ. बीडकडून सळई भरून घाट चढायचा, काही नाही. येताना भंगार भरून तोच घाट उतरायचा, ब्रेक दाबला की काटा खाली, सपाटीला आलं की परत जागेवर. चाचा म्हणाले, उतरणीला रेस नसते, काटा पडणारच. मला पटलं नाही. दुसऱ्या गिअरवर उतरताना इंजिन चांगलं बोंबलत असतं, प्रेशर उलट जास्त पाहिजे.

मग नेहमीचा खेळ सुरू झाला. नवा मीटर. नवा सेन्सर. त्यानं भागलं नाही म्हणून चेंबर खोलून ऑइल पंप नवा, सोबत ऑइलही नवं, आणि गाडी तीन दिवस उभी. पंपवाल्या दुकानदारानं तर जुना पंप बघून "घासलाय पार" असं सर्टिफिकेटही दिलं. (तो पंप मी ठेवलाय. परवा दुसऱ्याकडं दाखवला, तो म्हणाला अजून पाच वर्षं चालला असता.) आणि घाटात काटा पुन्हा पडला.

एका रविवारी चिडून मीच गाडीखाली गेलो. इंजिन गरम करून ऑइल काढलं, चांगलं अर्धा तास निथळू दिलं आणि पाच लिटरच्या कॅननं मोजलं. माझी सवय आहे, दर वेळी किती लिटर गेलं ते डायरीत लिहायचं. बायको हसते. डायरीतल्या ट्रकच्या आकड्यापेक्षा तीन लिटर कमी निघालं. आणि काढायच्या आधी पट्टी दाखवत होती फुल!

पट्टी खोटं बोलत नव्हती. ती तिच्या चेंबरचं खरं सांगत होती. ऐसपैस चेंबरात ऑइल खाली राहिलं तरी भरपूर असतं, म्हणून तिची फुलची खूण खाली. त्याच पातळीला ट्रकच्या चेंबरात तीन लिटरची तूट. घाट चढताना ऑइल मागं, खड्ड्यात, जाळीवर. उतरताना ब्रेक मारला की उरलंसुरलं पुढं उथळात पळतं आणि जाळी हवा ओढते.

हे कळल्यावर मी काय केलं असेल? शहाणपणा. फुटलेल्या इंजिनाची पट्टी आणली आणि घातली. नळी मात्र जनरेटरचीच ठेवली, कारण ब्लॉकमध्ये ठोकून बसवलेली नळी काढायची मजुरी चाचा ३०० रुपये म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या, नळी ती नळी.

नळी एक इंच उंच होती. पट्टीची टोपी नळीच्या तोंडावर टेकते, म्हणजे पट्टी एक इंच वर लटकली. आता ऑइल बरोबर असलं तरी पट्टी कमी दाखवणार. पुतण्यानं इमानदारीनं दर खेपेला भर घातली. महिनाभरात ब्रीदरमधून (इंजिनाची वाफ बाहेर सोडायची नळी) ऑइल, निळा धूर, मागच्या सीलला गळती. उतारावर काटा पडायचा थांबला होता, आता सपाटीवर लांब पल्ल्याला हळूहळू उतरायला लागला. क्रँक ऑइलात बुडून फिरली की ऑइलाचा फेस होतो, आणि फेसाला प्रेशर नसतं. मी तोपर्यंत सगळीकडं सांगत फिरत होतो की ऑइल कमी असण्यापेक्षा जास्त बरं. ते वाक्य मागं घेतो.

चाचांना मी बरंच बोललो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पहिली चूक माझी. तीनशेची तुझी." काय बोलणार?

शेवटी ३०० दिले, ट्रकची नळी आणि ट्रकची पट्टी जोडीनं बसवली. पट्टी आत ठेवून क्रँक हातानं दोन फेरे फिरवून बघितली, कुठं लागत तर नाही ना. मग जुन्या खुणांवर विश्वास न ठेवता माप घेतलं. गाडी सपाट फरशीवर, फिल्टर नवा, डायरीच्या आकड्यापेक्षा तीन लिटर कमी १५डब्ल्यू-४० ऑइल ओतलं, दोन मिनिटं चालवून बंद, दहा मिनिटं थांबून पट्टी पुसून बुडवली, ओलं आलं तिथं कानशीनं बारीक रेघ. उरलेले तीन लिटर ओतून परत तेच, दुसरी रेघ. वरची रेघ कंपनीच्या फुल खुणेवर जवळजवळ बसली तेव्हा जीवात जीव आला. आकडा मुद्दाम सांगत नाही, नाहीतर कुणीतरी वेगळ्याच चेंबरात तेवढंच ओतील आणि मला शिव्या देईल. ज्या गाडीचं चेंबर, त्या गाडीचं माप.

त्याला अडीच महिने झाले. घाट चढताना, उतरताना काटा हलत नाही. सीलची गळती थोडी आहे, पावसाळ्यानंतर बघू.

जनरेटरचं चेंबर, जाळीची नळी, पट्टी आणि पट्टीची नळी माझ्या अंगणात पडून आहे. कुणाला पाहिजे असेल तर वाजवी भावात चारही एकत्र देईन. परवा एकजण नुसती पट्टी मागायला आला होता, चहा पाजून परत पाठवला.