दहावीचा क्लास: पहाटेची बॅच की संध्याकाळची?

‘पहाटेची घ्या, डोकं ताजं असतं,’ असं क्लासमध्ये हमखास सांगतात. आम्हीही लेकीसाठी तीच घेतली होती. दोन्ही बॅचचा अनुभव घेतल्यावर मी मात्र आधी झोपेचा हिशेब मांडायला सांगेन.

धायरीहून सदाशिव पेठेत सव्वासहाला पोचायचं, तर पाचला उठावं लागतं. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेची २०१६ ची शिफारस आहे. म्हणजे रात्री नऊला झोप लागायला हवी, आणि तीच लागत नाही. वयात येताना झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन तास-दोन तास उशिरा वाढू लागतं. आमची लेक नऊला आडवी व्हायची आणि अकरापर्यंत कूस बदलत राहायची. उरले सहा तास. रोजचे दोन कमी, सहा दिवसांत बारा! त्यातही कापली जाते ती पहाटेची, स्वप्नांची झोप. ती रात्रीच्या शेवटच्या टप्प्यातच जास्त असते. दुपारी वहीवर डोकं टेकलेलं दिसलं की आम्ही तिला आळशी म्हणायचो. त्याचं आजही वाईट वाटतं. रविवारी अकरापर्यंत झोपू दिलं, तर शरीराचं घड्याळ आणखी पुढे सरकायचं आणि सोमवारची पहाट जास्तच जड जायची.

संध्याकाळची बॅच साडेसहा ते नऊ. सिंहगड रोडची गर्दी धरून घरी यायला पावणेदहा, झोपायला अकरा. सातला उठलं तरी आठ तास भरतात. जेवणाला उशीर होतो, म्हणून निघण्याआधी पोळी-भाजी खाऊ घालावी. संध्याकाळचा चहा-कॉफी बंदच. कॅफिनचा निम्मा अंश पाच-एक तासांनीही अंगात असतो. रात्री आणायला-सोडायला कुणीतरी मोकळं हवं, ही खरी अडचण.

शाळा दुपारची असेल, तर माझं मत संध्याकाळच्या बॅचला. शाळाच सकाळी सातची असेल, तर ती बॅचही नको. दुपारी चारची शोधा. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवलं. दहावीच्या मुलांना ती सवलत नाही, त्यामुळे हे आपल्यालाच बघावं लागतं.

फी भरण्याआधी बॅच मध्येच बदलून मिळेल का, ते विचारून घ्या. आम्हाला दिवाळीनंतर मिळाली.